पुण्यात बदली : आधी घर शोधायचं की आधी शाळा?

चैत्रगौर
मंडळी, दहा वर्षं बंगळूरला काढून आम्ही मे महिन्यात पुण्याला येतोय. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी फेज २ ला. माझं काम घरूनच, महिन्यातून दोनतीनदा खराडीची वारी. मुलगी चौथीत, सीबीएसई, शाळेत इंग्रजी-हिंदी-कन्नड. घरात मराठी फर्डं बोलते, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी थांबते. मुलगा यूकेजीत, ऑक्टोबरचा जन्म. इथे १ जूनला सहा पूर्ण हवीत म्हणून शाळेने सांगितलंय की तो अजून एक वर्ष यूकेजीतच बसेल.

नवरा म्हणतो, ऑफिसजवळ भाड्याने घर घेऊ, शाळा काय, तिकडे पावलापावलावर आहेत. सासूबाई सदाशिव पेठेतल्या. त्यांच्या मते नदीपलीकडे शाळा नाहीतच, नुसत्या इमारती आहेत. माझं म्हणणं, आधी शाळा ठरवावी आणि मग तिच्या आसपास घर बघावं.

एका एक्सेल शीटमध्ये २३ शाळा भरल्यात. फी, बोर्ड, अंतर, बस, पोहण्याचा तलाव आहे की नाही, सगळे रकाने. रात्री दीड वाजता मी ती शीट बघत बसते आणि काहीही ठरत नाही. काय बघायचं राहिलंय? शाळांची नावं न घेता लिहिलंत तरी चालेल.

फुकटचा_सल्ला
आधी घर. शाळेला रविवारी सुट्टी असते, पाण्याच्या टँकरला नसते.

वाकडात_शिरलेला
वरचा विनोद नाहीये हो, आमच्या सोसायटीची दिनचर्या आहे. पण मुद्द्याचं सांगतो.

आम्ही शाळा आधी ठरवली. नकाशावर ३.८ किलोमीटर. रविवारी दुपारी जाऊन आलो, बारा मिनिटं लागली, नवराबायको खूश. जून उजाडला. बस सकाळी ६:५० ला आमच्या गेटवर, शाळा ८ ला. कारण बस आधी आणखी तीन सोसायट्या फिरते आणि मग भूमकर चौकात सगळ्या आयटीवाल्यांबरोबर उभी राहते. परतीला पाऊस असेल तर पोरगं सव्वा तास बसमध्ये. पहिलीतलं पोर. घरी येतं ते सोफ्यावर बूट घालूनच झोपतं.

सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं होतं. आमच्या शाळेने पालकसभेत बसचं वेळापत्रक दाखवलं आणि विषय संपवला.

तेव्हा शीटमधला ‘अंतर’ हा रकाना खोडा आणि ‘सोमवारी सकाळी बसमधून लागणारा वेळ’ असा रकाना करा. २३ च्या ८ होतील बघा.

चैत्रगौर
@वाकडात_शिरलेला, केलं. ९ झाल्या. :)

त्रिज्या
बोर्ड कोणतं हे आधी ठरवा. बाकी सगळं नंतर. सीबीएसईतून एसएससीत आलेल्या मुलांना गणित-विज्ञान सोपं वाटायला लागतं आणि मग ती ढेपाळतात. माझ्या भाच्याचं झालंय. पुढे जेईई-नीट करायचं असेल तर बोर्ड बदलू नका.

गावठी_न्यूटन
एसएससी बोर्ड, जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी. सध्या ज्या कंपनीत आहे तिथे माझ्या हाताखाली तिन्ही बोर्डांची मुलं ढेपाळलेली आहेत. भाच्याला नमस्कार सांगा.

उंबरठा
घ्या, सुरू झालं. मी शेंगदाणे घेऊन बसते.

त्रिज्या
@गावठी_न्यूटन, अपवादाने नियम सिद्ध होत नाही.

गावठी_न्यूटन
भाच्यानेही होत नाही.

खडूफळा
३४ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते. निवृत्त झाल्यावर नातीसाठी शाळा शोधायची वेळ आली तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आणि कळलं की आपण पालकांना काय काय ऐकवत होतो! तेव्हा दोन्हीकडचं सांगते.

ओपन हाऊसला जाऊ नका. त्या दिवशी आम्ही फुलदाण्या काढतो. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहा आणि मुलं कशी बाहेर पडतात ते बघा. दमलेली असणारच. पण आपसात भांडत, हसत, काहीतरी सांगत येतात की मुकाट येतात? शिपायाला ‘मामा’ म्हणून हाक मारतात की त्याला बघून बाजूला होतात?

वही बघायला मागा. भिंतीवर लावलेली नको, तिसरीतल्या कुठल्याही मुलाची, फेब्रुवारीतली पानं. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत की बाईंनी दोन शब्द लिहिलेत? सगळ्या वह्यांत उत्तर शब्दन् शब्द सारखं असेल तर फळ्यावरून उतरवून घेतलंय. मग त्या शाळेत पोहण्याचा तलाव असो नाहीतर घोडे असोत.

मुलींचं स्वच्छतागृह मधल्या सुट्टीनंतर बघा, आधी नाही. आणि सरळ विचारा की इथल्या शिक्षिका किती वर्षांपासून आहेत. गेल्या वर्षी एकाच वर्गाला दोन वर्गशिक्षिका बदलून मिळाल्या असतील तर त्या शाळेत पगाराची तरी रड आहे किंवा व्यवस्थापनाची. दोन्ही शेवटी मुलांपर्यंत पोहोचतं.

कायद्याचं थोडं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी पस्तिसांमागे एक. तुकडीत किती डोकी आहेत ते मोजा. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत-चाचणी घ्यायला मनाई आहे. तरी ‘सहज गप्पा मारायला’ बोलावतात. गप्पांत सहा वर्षांच्या मुलाला रंगांची नावं इंग्रजीतून विचारली गेली की काय ते समजा.

तुमच्या मुलाचं : महाराष्ट्रात राज्याच्या नियमाने ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत बसवता येतं. म्हणजे ऑक्टोबरचं बाळ इथे चालेल. चालेल म्हणजे बसवायलाच हवं असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरची मुलं मी वर्षानुवर्षं बघितली आहेत. काही निभावतात. काहींची पेन्सिल दिवाळीपर्यंत धड पकडली जात नाही आणि घरचे म्हणतात आळशी आहे.

उंबरठा
बाई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय. घोड्यांसकट.

वाकडात_शिरलेला
बाई, आमच्या शाळेत खरंच घोडे आहेत हो. महिन्यातून एकदा फोटोसाठी.

जावक_क्रमांक
एका शाळेच्या कार्यालयात आहे, म्हणून कागदांचं सांगतो, कारण याकडे कोणाचं लक्ष नसतं आणि मग जूनमध्ये माझ्या खिडकीसमोर रडारड होते.

१. तुम्ही दुसऱ्या राज्यातून येताय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी इथल्या बऱ्याच शाळा मागतात. निघायच्या आधी करून घ्या, त्यासाठी परत बंगळूर कोण गाठणार.
२. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलीचा पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक असतो, तो लिहून घ्या. जुन्या शाळेने तिला ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकलं तरच नवी शाळा तिला आपल्याकडे ओढू शकते. जुनी शाळा फी बाकी आहे म्हणून अडवून ठेवते, हे नेहमीचं.
३. नाव, जन्मतारीख, आईचं नाव हे दाखला, आधार आणि जन्मदाखला तिन्हीवर अक्षर न् अक्षर सारखं आहे का बघा. एका मुलाच्या आधारवर आडनावात एक ‘ए’ जास्त होता. त्या ‘ए’ने दीड वर्ष खाल्लं.

दाखला उशिरा आला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, कायद्यातच आहे. पण वाद घालून प्रवेश मिळवण्यापेक्षा कागद घेऊन आलेलं बरं, असं खिडकीच्या आतल्या माणसाचं मत.

आणि सत्राचं बघा. इथल्या बऱ्याच सीबीएसई शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. मेमध्ये याल तेव्हा दोनचार धडे झालेले असतील. एसएससीच्या शाळा जूनच्या मध्याला. बोर्ड बदलायचंच असेल तर आठवीपर्यंत बदला. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, त्यानंतर दहावीत नवीन प्रवेश म्हणजे बदलीचं कारण दाखवा आणि बोर्डाची परवानगी आणा.

त्रिज्या
म्हणजे बोर्ड महत्त्वाचं आहे हे तुम्हीही मान्य करताय.

जावक_क्रमांक
मी फक्त शिक्का मान्य करतो.

जात्यावरची_ओवी
इतक्या प्रतिसादांत एकानेही मराठी माध्यमाचं नाव काढलं नाही! मुलगी घरात मराठी फर्डं बोलते, आजी सदाशिव पेठेत, आणि आपण चर्चा कशाची करतोय तर सीबीएसई की एसएससी. पुण्यात अक्षरनंदन आहे, नाशिकला आनंद निकेतन, कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी उभं केलेलं सृजन आनंद, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांची कमला निंबकर बालभवन. मराठीतून शिकवणाऱ्या आणि मुलांना खरोखर विचार करायला लावणाऱ्या शाळा आहेत की. माझी दोन्ही मुलं मराठी माध्यमातली. इंग्रजी अडलं नाही. पाचवीपासून सेमी घेतलं, गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून.

ताकाला_जाऊन
@ओवीताई, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे. पण मराठी शाळा वाचवायला दर वेळी माझंच पोर का पुढे करायचं? आमच्या भागात चार किलोमीटरच्या आत मराठी माध्यमाची एक शाळा आहे, तिचा पट इतका घसरलाय की तिसरी-चौथी एका खोलीत बसतात. ती शिक्षिका देवमाणूस आहे. तरी मी माझ्या मुलीला तिथे घातलं नाही आणि त्याची टोचणी मला आहे. पण घातलं नाही.

जात्यावरची_ओवी
@ताकाला_जाऊन, तुमच्यासारखे दहा जण एकाच वर्षी आले असते तर ती खोली दोन झाली असती. पण तुम्ही निदान भांडं लपवलं नाहीत.

चैत्रगौर
ओवीताई, खरं सांगू? मनात आलं होतं. पण मुलगी पाचवीत जाणार, आणि परिसर अभ्यास एकदम मराठीतून वाचायचा म्हणजे तिला सहा महिने मुकं बसवण्यासारखं होईल. मुलाबाबत मात्र विचार करतेय. एक शंका : सीबीएसई शाळेत गेली तर मराठी असेल ना? की परत हिंदी-संस्कृतच?

खडूफळा
असायलाच हवं. २०२० चा कायदा आहे, राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं, मोडलं तर एक लाखापर्यंत दंड. प्रत्यक्षात काही शाळा मराठीचा तास मधल्या सुट्टीच्या आधी किंवा अगदी शेवटी, जो कोणी रिकामा असेल त्याच्याकडे देतात. तेव्हा ‘मराठी आहे का’ असं विचारू नका, ‘मराठी कोण शिकवतं, त्यांना भेटता येईल का’ असं विचारा. चेहरे बघण्यासारखे होतात.

एडिसनकर
न्यू जर्सीत आमच्याकडे हा प्रश्न असा येतच नाही, कारण घराचा पत्ता सांगितला की सरकारी शाळा ठरली. म्हणून लोक शाळा बघून घर घेतात आणि चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरं रस्त्याच्या एका बाजूला महाग, दुसऱ्या बाजूला स्वस्त. प्रॉपर्टी टॅक्स भरताना मी दर तिमाहीला मनातल्या मनात शाळेची फी भरतो. मुलं मात्र चालत जातात, शेजारचं पोर वर्गातलंच असतं. ते सुख मोठं आहे.

फुकटचा_सल्ला
आमच्याकडे शेजारची चार पोरं चार रंगांच्या गणवेशात चार बसची वाट बघतात. संध्याकाळी खेळताना आपल्या शाळेत काय काय आहे यावरून भांडतात. घोडेवाला जिंकतो.

उंबरठा
अवांतर : फीचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे फी वेगळी, ‘ॲक्टिव्हिटी’ वेगळी, ‘टर्म’ वेगळी, आणि पुस्तकं एकाच दुकानातून. अशी सक्ती करता येत नाही हे माहीत असूनही मी मुकाट तिथूनच घेतली. पोर आत आहे ना त्यांच्या! तेव्हा एका कागदावर सगळ्या रकमा लिहून मागा. तोंडी आकडा सांगणाऱ्या शाळेवर काट मारा.

डेपोचा_पोरगा
सगळे पालकांच्या बाजूने लिहिताहेत. मी पोराच्या बाजूने लिहितो.

वडील एसटीत आगार व्यवस्थापक. पहिली ते दहावी माझ्या सहा शाळा झाल्या. सगळ्यात अवघड बदली मेहकरहून कराडची, चौथीत, दिवाळीनंतर. मेहकरात मी ‘मी जेवून राहिलो’ असं म्हणायचो, त्यात काही वावगं आहे हे मला माहीतच नव्हतं. कराडात पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत एकाने विचारलं, डब्यात काय? मी म्हटलं, भेदराची चटणी. अख्खा वर्ग लोळला. टोमॅटोला भेदरं म्हणतो हा! पुढचं वर्षभर माझं नाव भेदरं. बाईसुद्धा एकदा चुकून म्हणाल्या.

दुसरं म्हणजे, पुस्तक सगळीकडे बालभारतीचंच, पानसुद्धा तेच. पण मेहकरात गणिताचे सात धडे झाले होते आणि कराडात अकरा. मधले चार मला कोणीच शिकवले नाहीत. त्यात अपूर्णांक होते. मी आता बँकेत आहे, लोकांना व्याजदर समजावून सांगतो, आणि दोन तृतीयांश म्हटलं की अजून पोटात कालवतं.

घरी काही सांगितलं नाही. वडील रात्री अकराला यायचे, आई तिसऱ्या गावात तिसऱ्या क्वार्टरमध्ये भांडी लावत होती. कोणाला सांगणार?

मला वाचवलं ते शाळेने नाही. डेपोच्या मागे राहणारा एक पोरगा माझ्याच वर्गात होता आणि आम्ही एकत्र चालत जायचो. तो वाटेत काही बोलायचा नाही, दगड लाथाडत चालायचा. पण मला बघून तो फाटकाशी थांबायचा. तेवढ्यावर वर्ष निघालं.

चैत्रगौरताई, तुमच्या शीटमध्ये एक रकाना टाका : सोसायटीतलं, तिच्या वयाचं कोणी त्या शाळेत आहे का? आणि जुन्या शाळेत कुठवर शिकवून झालंय ते प्रत्येक विषयाच्या वहीवर लिहून आणा.

उंबरठा
शेंगदाणे बाजूला ठेवले.

गावठी_न्यूटन
भावा, आमच्याकडे परभणीत पण ‘काय करायलास’ म्हटलं की पुण्याची पोरं खिदळायची. पहिल्या वर्षी होस्टेलवर मी तोंडच उघडलं नव्हतं. चटणीची पाककृती टाका.

डेपोचा_पोरगा
भेदरं, हिरवी मिरची, लसूण, सगळं तव्यावर भाजायचं, पाट्यावर रगडायचं, कोथिंबीर. मिक्सर लावलात तर माझं नाव घेऊ नका.

त्रिज्या
@डेपोचा_पोरगा, छान लिहिलंत. भाच्याचंही मूळ कारण बहुतेक हेच असावं, आता वाटतंय. वर्गात त्याचं कोणी नव्हतं. आम्ही सगळे बोर्डाला धरून बसलो.

चैत्रगौर
तीन आठवड्यांनी परत आलेय. मधे पुण्यात पाच दिवस राहून सात शाळा बघितल्या. सासूबाई प्रत्येक ठिकाणी बरोबर होत्या, त्याचा वृत्तांत वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

एका शाळेत ‘सहज गप्पा’ निघाल्या. नवऱ्याने शांतपणे १३ व्या कलमाचा विषय काढला. समोरच्या बाई म्हणाल्या, सर, दिस इज जस्ट इंटरॅक्शन. मग मुलाला चार ठोकळे दिले आणि मोठ्यापासून लहान लावायला सांगितलं. त्याने ठोकळ्यांची बस बनवली. आम्ही उठलो.

एका शाळेत मी मराठी कोण शिकवतं ते विचारलं. खडूफळा बाईंनी सांगितलं होतं तसाच चेहरा बघायला मिळाला.

जी ठरवली ती माझ्या शीटमध्ये १९ व्या क्रमांकावर होती. बावधनला, सीबीएसई, मैदान बेताचं, तलाव नाही, घोडे नाहीत. कार्यालयात आमचं बोलणं चाललं असताना मुलगी गायब झाली. शोधलं तर वाचनालयात फतकल मारून बसली होती. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तिला नाव विचारलं नव्हतं, इयत्ता विचारली नव्हती, नुसतं एक पुस्तक हातात दिलं होतं आणि स्वतः पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. जोडाक्षरं अडत अडत ती वाचत होती. मराठी पुस्तक. सासूबाई दारातच थांबल्या, काही बोलल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते फार आहे.

मराठीच्या बाई भेटल्या, अकरा वर्षं तिथेच आहेत. फीचा कागद मिळाला. घर पंधरा मिनिटं चालत. खालच्या मजल्यावर पाचवीतलीच एक मुलगी आहे, त्याच शाळेत, आणि दोघींनी पाच मिनिटांत एकमेकींच्या चपला बदलून बघितल्या. नवऱ्याला हायवेने हिंजवडी गाठायची आहे, तो कुरकुरतोय, कुरकुरू दे. मोठा माणूस आहे, बसमध्ये झोपेल.

मुलाचं अजून ठरलेलं नाही. मी म्हणते अजून एक वर्ष बालवाडी, तो म्हणतो पहिली. ‘तो’ म्हणजे मुलगा.

आता एक व्यवहाराचं. मुलीला सुट्टीत मराठी वाचायची सवय लावायची आहे. बालभारतीचं कितवीचं पुस्तक घेऊ?

खडूफळा
पाचवीचं बालभारती नको, घाबरेल. इतर माध्यमांच्या मुलांसाठी मराठीची वेगळी पुस्तकं असतात, त्यातलं तिसरीचं आणि चौथीचं घ्या. धडे क्रमाने नकोत, तिला आवडेल तिथून. आणि मुलगा स्वतःहून पहिली म्हणतोय तर त्याला एक दिवस पहिलीच्या वर्गात बसवून बघायला शाळा तयार आहे का, विचारा. चांगली शाळा हो म्हणते.

जावक_क्रमांक
बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहेत. छापील हवं असेल तर अप्पा बळवंत चौक. प्रतिस्वाक्षरी घेतलीत का?

चैत्रगौर
घेतली! दोन चकरा झाल्या. आडनावही तपासलं.

डेपोचा_पोरगा
चपलांचं वाचून बरं वाटलं.

फुकटचा_सल्ला
सगळं ठीक. टँकरचं विचारलंत का?

चैत्रगौर
विचारलं. रोज दोन, उन्हाळ्यात तीन.